मेलबर्नची वटवाघळे: हाकलली कुठे, बसली कुठे

मार्च २००३ संपत आला होता. मेलबर्नच्या रॉयल बोटॅनिक गार्डन्समध्ये उजाडायच्या आत माणसे नेच्यांच्या (फर्नच्या) घळीभोवती जमत आणि रात्रभर चरून वटवाघळे झोपायला परतू लागली की ध्वनिक्षेपकांवरून कर्कश आवाज सुरू करत. संध्याकाळी पुन्हा तेच. एरवी जिथे लोक लग्नाचे फोटो काढायला आणि सुट्टीच्या दिवशी डबे घेऊन बसायला येतात, तिथे हा गोंगाट मुद्दाम, ठरवून, सरकारी परवानगी घेऊन चालला होता. वीस हजारांहून अधिक वटवाघळांनी ही बाग सोडून दुसरे घर शोधावे, एवढाच हेतू.

वटवाघळे गेली. त्यांची वस्ती आज बागेत नाही. यारा नदीच्या वरच्या अंगाला, पाच-सहा किलोमीटरवर, यारा बेंड पार्कमध्ये आहे. त्यामुळे ऑस्ट्रेलियात कुठल्याही गावात वटवाघळांवरून कुरबुर सुरू झाली की सभेत कोणीतरी उठून म्हणतेच, "मेलबर्नने हलवली ना? मग आपल्याला काय अडचण आहे?" हे प्रकरण नीट उलगडून पाहावे असे वाटले ते या वाक्यामुळे. मेलबर्नला जे जमले ते पैसा, चिकाटी आणि बऱ्याच नशिबावर जमले. वटवाघळांनी स्वतः पसंत करावी अशी नदीकाठची मोकळी रानजागा जवळच होती, हे ते नशीब. आणि 'जमले' म्हणतात त्यातला बराच हिशेब अजून चुकता व्हायचा आहे.

बोलावणे कोणाचे

हे करड्या डोक्याचे वटवाघूळ, शास्त्रीय नाव टेरोपस पोलिओसेफॅलस. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत मीटरभर, वजन किलोपर्यंत, मानेभोवती तांबूस-नारिंगी केसांचा पट्टा. आपल्याकडे वडा-पिंपळावर, चिंचेवर लटकणाऱ्या मोठ्या वटवाघळांचे हे सख्खे चुलत भावंड. अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवर किडे टिपणाऱ्या छोट्या वाघळांचा आणि यांचा आहार वेगळा, वाट शोधण्याची रीतही वेगळी. हे डोळ्यांनी आणि नाकाने खाणे शोधते. खाणे म्हणजे निलगिरीच्या फुलांतला मध, पराग, आणि वड-उंबराच्या कुळातली फळे. मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे कामाला येईल.

पूर्वी मेलबर्न हा यांचा मुलूख नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, क्वीन्सलंड आणि न्यू साऊथ वेल्सच्या दमट पट्ट्यात त्यांच्या वस्त्या होत्या. एकोणिसाव्या शतकात मेलबर्नकडे कधीतरी एखादा थवा भरकटत आल्याच्या नोंदी आहेत, पण मुक्काम नाही. १९८६ मध्ये पहिल्यांदा मूठभर वटवाघळे बोटॅनिक गार्डन्समध्ये हिवाळाभर राहिली. पुढच्या वर्षी थोडी जास्त. मग दरवर्षी वाढतच गेली.

या वाढीचे श्रेय शहरानेच घ्यायला हवे. गोऱ्या वसाहतकारांनी आधी विलायती एल्म आणि प्लेनची झाडे रस्त्याकडेला लावली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात देशी झाडांची आवड वाढली आणि नगरपालिका निलगिरीच्या जाती लावू लागल्या. देशी खऱ्या, पण मेलबर्नच्या नव्हेत. स्पॉटेड गम आणि लिंबाच्या वासाची निलगिरी या दोन्ही मूळच्या उत्तरेकडच्या, म्हणजे वटवाघळांच्या माहेरच्या. त्यात जुन्या उद्यानांतले मोर्टन बे फिगचे अवाढव्य वृक्ष होतेच, तेही क्वीन्सलंडकडचे. प्रत्येक जातीचा बहर वेगळ्या महिन्यात. स्थानिक रानात एका हंगामात मुबलक आणि दुसऱ्या हंगामात काहीच नाही अशी गत असते. शहरात मात्र बारा महिने कुठे ना कुठे काहीतरी फुललेलेच. वर त्या झाडांना नळाचे पाणी. हे म्हणजे दारात कायम पंगत मांडून ठेवायची आणि पाहुणे आले की कपाळाला आठ्या घालायच्या, असे झाले.

दुसरे कारण हवेचे. २००५ साली कर्स्टन पॅरिस आणि डोना हेझल या दोघी अभ्यासकांनी मेलबर्नच्या तापमानाच्या आणि पावसाच्या नोंदी तपासून दाखवले की डांबर-काँक्रीटमुळे शहर गरम झाले आहे, कडाक्याच्या थंडीच्या रात्री कमी झाल्या आहेत, आणि बागा-हिरवळींना दिलेले पाणी धरले तर शहराला मिळणारी ओल नैसर्गिक पावसापेक्षा जास्त आहे. या सगळ्यामुळे मेलबर्नचे हवामान वटवाघळांच्या उत्तरेकडच्या वस्त्यांच्या हवामानाजवळ सरकले. तिकडे उत्तरेत त्यांची रानेही शेतीसाठी आणि घरांसाठी तुटत होती. अशा वेळी शहरात येण्याला अतिक्रमण म्हणणे मला जड जाते.

नेच्यांच्या घळीतला पेच

बोटॅनिक गार्डन्स १८४६ ची, ३८ हेक्टरची. तिच्यातली नेच्यांची घळ म्हणजे ओढ्याकाठची सावलीची, ओलसर जागा. उंच वृक्ष-नेचे, ताड, जुनी रानझाडे. वटवाघळांनी शहरात कुठली जागा निवडावी असे कोणी त्यांना विचारले असते तर त्यांनी हीच सांगितली असती. उन्हात सावली, वाऱ्यापासून आडोसा, जवळ पाणी.

आता दिवसभर हजारो वटवाघळे एका जागी लटकली की काय होते? पाने ओरबाडली जातात, फांद्या वजनाने मोडतात, झाडाचा शेंडा बोडका होतो. नैसर्गिक रानात वस्ती थोडी सरकते आणि झाड पुन्हा फुटते. पण बागेतल्या ताडाला किंवा शंभर-सव्वाशे वर्षांच्या दुर्मीळ झाडाला ही उसंत मिळत नव्हती. बागेच्या लोकांची चिंता खोटी नव्हती. जिवंत संग्रहालय सांभाळणाऱ्याला एकेक झाड म्हणजे एकेक नोंद असते, ते मेले तर तसेच दुसरे आणायला जगात कुठे जागा उरलेली नसते.

पहिला सुचलेला उपाय मारण्याचा होता. त्यावर प्राणीप्रेमी संघटनांनी जोरदार विरोध केला आणि वर्तमानपत्रांत वाद रंगला. त्याच काळात एकूण गणिताचीही जाणीव होत होती. पूर्व किनाऱ्यावर या जातीची संख्या घसरत चालली होती. डिसेंबर २००१ मध्ये केंद्र सरकारने तिला पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 'असुरक्षित' जातींच्या यादीत घातले, मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियानेही धोक्यातली जात मानली. म्हणजे एका बाजूला वारसा म्हणून जपलेली बाग, दुसऱ्या बाजूला कायद्याने जपलेला प्राणी, आणि दोन्हींची जबाबदारी सरकारवरच. मग मारणे मागे पडले आणि हलवणे पुढे आले.

हलवायचे तर कुठे? अभ्यासकांनी आणि अधिकाऱ्यांनी आधी जागा ठरवली: आयव्हन्हो उपनगराजवळचे यारा नदीचे वळण, हॉर्सशू बेंड. काही वटवाघळे पकडून तिथे मोठ्या पिंजऱ्यात ठेवली. त्यांच्या आवाजाने, वासाने बाकीची येतील आणि वस्ती रुजेल अशी कल्पना. वटवाघळांना ती पटली नाही. सोडल्यावर ती तिथे टिकली नाहीत. कागदावर उत्तम असलेली जागा ज्यांच्यासाठी निवडली त्यांनीच नाकारली.

गोंगाटाची मोहीम मार्चअखेरीस सुरू करण्यामागे हिशेब होता. पिल्ले ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मतात. पहिले तीन-चार आठवडे आईच्या पोटाला बिलगून तिच्याबरोबर उडतात, मग रात्री झाडावर एकत्र ठेवली जातात. मार्चपर्यंत ती स्वतः उडू लागतात. नंतर उशीर केला तर माद्या गाभण होऊन जड होतात. या दोन्हींमधली फट म्हणजे शरद ऋतूची सुरुवात, आपल्याकडच्या वसंतातले दिवस.

बागेतून उठलेले थवे हॉर्सशू बेंडला गेले नाहीत. ते नदीच्या बाजूने वर सरकत राहिले. वाटेत कुठल्या उद्यानात, कुठल्या बंगल्याच्या मागच्या झाडांवर उतरत आणि मोहिमेतली माणसे तिथेही जाऊन पुन्हा आवाज करत. काही वटवाघळे तर ७०-७५ किलोमीटरवरच्या जिलाँग शहरातल्या ईस्टर्न पार्कमध्ये जाऊन बसली आणि त्या शहराला नवी वस्ती मिळाली, कोणी न मागता. बहुतेकांनी शेवटी यारा बेंड पार्क निवडले. तिथे मात्र त्यांना कोणी उठवले नाही. बागेत पुढे बराच काळ पहारा ठेवावा लागला, कारण एखादा थवा पुन्हा येऊन पाहतोच.

या सगळ्याला यश म्हणायचे का? बागेच्या बाजूने, होय. निःसंशय. नेच्यांची घळ पुन्हा हिरवी झाली. पण नियोजनाच्या बाजूने पाहिले तर ठरवलेली जागा फसली, न ठरवलेल्या दोन जागी वस्त्या झाल्या, आणि त्यातली मोठी वस्ती योग्य ठिकाणी पडली हे वटवाघळांच्या अकलेचे श्रेय आहे. ऑस्ट्रेलियात इतरत्र झालेल्या हाकलण्याच्या प्रयत्नांचा आढावा अभ्यासकांनी घेतला तेव्हाही असेच चित्र दिसले: वटवाघळे बहुधा फार लांब जातच नाहीत, पलीकडच्या गल्लीतल्या झाडावर बसतात, आणि वाद एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात सरकतो. सिडनीच्या बोटॅनिक गार्डनने २०१२ मध्ये हाच मार्ग धरला. त्याआधी परवानग्या आणि कोर्टकचेरी यांत काही वर्षे गेली होती. छोट्या गावच्या नगरपालिकेने हे सगळे परवडेल असे समजू नये.

नदीकाठची बाजू

यारा बेंड पार्क हे मेलबर्नच्या मध्यवर्ती भागाजवळचे सर्वांत मोठे रान, सुमारे २६० हेक्टरचे. मेरी क्रीक इथेच डाइट्स फॉल्सजवळ यारा नदीला मिळतो. वटवाघळांची वस्ती क्यू उपनगराच्या बाजूला, बेलबर्ड नावाच्या सहलीच्या जागेजवळ आहे. बेलबर्ड हा घंटीसारखा टिंग-टिंग आवाज काढणारा छोटा हिरवट पक्षी. दिवसा तिथे गेलात तर एका कानाला त्याची घंटी आणि दुसऱ्या कानाला वटवाघळांचे भांडण ऐकू येते. झोपायच्या वेळी एवढे भांडणारे प्राणी मी दुसरे पाहिले नाहीत.

ही नदी इथल्या मूळनिवासी वुरुंडजेरी लोकांची बिररुंग. त्यांच्या आणि शेजारच्या कुलिन लोकांच्या कथांत निर्माता बुंजिल गरुड आहे आणि त्याचा भाऊ बलायांग म्हणजे वटवाघूळ. बुंजिलने मातीतून पुरुष घडवले आणि बलायांगने पाण्यातून स्त्रिया आणल्या, अशी ती कथा. ज्या जमिनीवर वटवाघळाला सृष्टीच्या कथेत स्थान आहे तिथे त्याला 'नवखा उपद्रव' म्हणणारे आपण सगळे दोनशे वर्षांच्या आतले, मग आडनाव इंग्रजी असो की मराठी.

उन्हाळ्यात (इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी) इथली संख्या काही हजारांवरून कित्येक दहा हजारांवर जाते, हिवाळ्यात पुन्हा खाली येते. ती तीच वटवाघळे नसतात, हे उपग्रहाने दाखवून दिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्व ऑस्ट्रेलियातल्या तीन जातींच्या २०१ वटवाघळांवर ट्रान्समीटर बसवले होते. त्यांनी मिळून ७५५ वेगवेगळ्या ठिकाणी मुक्काम केला. करड्या डोक्याचे वटवाघूळ वर्षाला सरासरी दोन हजार किलोमीटरहून अधिक फिरते. म्हणजे आज क्यूमध्ये लटकलेले वटवाघूळ काही महिन्यांनी क्वीन्सलंडमध्ये असू शकते. 'आमच्या गावची वटवाघळे' ही कल्पनाच त्यामुळे मोडीत निघते. आणि एका नगरपालिकेने आपल्यापुरते ठरवण्यालाही अर्थ उरत नाही. ही वस्ती एखाद्या मोठ्या एसटी स्टँडसारखी आहे, गर्दी तीच दिसते पण माणसे रोज निराळी.

संख्या मोजायचे काम बरेचसे स्वयंसेवक करतात. राष्ट्रीय पातळीवर सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१२-१३ पासून दर तीन महिन्यांनी एकाच सुमारास सगळीकडे गणना होते. पद्धत साधी आणि कष्टाची. सूर्य मावळताना वस्तीच्या चहूबाजूंनी माणसे उभी राहतात, प्रत्येकाने आकाशाचा एक तुकडा वाटून घ्यायचा, आणि थवे निघाले की दहा-दहा, गर्दी झाली की शंभर-शंभर धरून मोजायचे. पहिल्यांदा मोजणारा हमखास गोंधळतो. पण अर्ध्या तासात हात बसतो.

याच स्वयंसेवकांतले काही जण नदीकाठी झाडेही लावतात. कारण बागेतल्या झाडांचे जे झाले तेच इथल्या रिव्हर रेड गम या नदीकाठच्या निलगिरीचे होते. पाने झडलेली, शेंडे वाळलेली झाडे लांबून दिसतात. बागेची झाडे मोलाची आणि नदीची फुकटची, असा भाव नकळत या सगळ्या कहाणीत आहे. नुकसान थांबले नाही, पत्ता बदलला. फक्त नदीकाठी रोपे लावून, वाढू देऊन, वस्तीला सरकायला जागा ठेवून ते भरून काढता येते. बागेत ते शक्य नव्हते, हे मान्य करायला हवे.

शेजाऱ्यांच्या तक्रारी तीन प्रकारच्या: वास, आवाज, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरचे, गाडीवरचे डाग. वासाबद्दल एक गैरसमज आहे. तो विष्ठेचा असेल असे वाटते. खरे तर नर आपल्या फांदीची हद्द आखायला खांद्याजवळच्या ग्रंथींतला स्राव घासतात, त्याचा तो उग्र दर्प. वीण जवळ आली की वाढतो, नंतर कमी होतो.

आमच्याकडे मेलबर्नला एकदा साताऱ्याकडच्या मावशी सुट्टीला आल्या होत्या. संध्याकाळी थवे निघताना पाहून त्यांनी विचारले, "अरे, इतकी वटवाघळं आणि कोणी फटाके वाजवत नाही?" मी म्हटले, "मावशी, वाजवून झालंय. आता मोजतात." त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "आमच्या शाळेमागच्या वडावर अशीच होती. रस्ता रुंद केला, वड पाडला. कुठं गेली कोणी विचारलंही नाही." या शेवटच्या वाक्यावर मला बोलायला काही सुचले नाही.

रोगाची भीती खरी आहे आणि तिचे माप ओळखणेही गरजेचे आहे. ऑस्ट्रेलियन बॅट लायसाव्हायरस हा रेबीजच्या जवळचा विषाणू १९९६ मध्ये ओळखला गेला. माणसांचे मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले आहेत, पण आजार बळावला की तो प्राणघातक असतो. तो चावण्या-ओरखडण्यातून पसरतो, डोक्यावरून उडत जाण्यातून किंवा विष्ठेतून नाही. म्हणून नियम एकच पाठ करून घेतात: जमिनीवर पडलेल्या, जाळीत अडकलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही. लस घेतलेल्या, प्रशिक्षित वन्यजीव-सेवकाला बोलवायचे. चावलेच तर जखम साबणपाण्याने धुऊन लगेच दवाखाना.

जाळीचा मुद्दा इथल्या परसबागवाल्या मराठी घरांना थेट लागू आहे. अंजीर, पेरू, आंब्याचे एखादे हौशी झाड असले की लोक स्वस्त मोठ्या भोकांची पातळ नायलॉन जाळी टाकतात. वटवाघूळ तिच्यात पंख गुंतवून घेते आणि सुटायच्या धडपडीत पंखाचे पडदे फाटतात. व्हिक्टोरियात १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरच्या जाळीची भोके पूर्ण ताणल्यावर ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरपेक्षा मोठी असता कामा नयेत, असा नियम आहे. सोपी परीक्षा म्हणजे बोट आत गेले तर जाळी चुकीची. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातून निघालेली ही सर्वांत शहाणी गोष्ट. ध्वनिक्षेपकांपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि फळेही वाचतात.

बेचाळीस अंश

वटवाघळांचा खरा शत्रू आता गोंगाट किंवा बंदूक नाही. सावलीतले तापमान ४२ अंशांच्या वर गेले की ती पंख हलवून वारा घेतात, अंगाला लाळ चोपडतात, धापा टाकतात, झाडाच्या खोडावर खाली-खाली सरकत गर्दी करतात, आणि शेवटी पडू लागतात. १२ जानेवारी २००२ रोजी न्यू साऊथ वेल्समधल्या नऊ वस्त्यांत मिळून साडेतीन हजारांहून अधिक मेली, आणि त्यावरच्या अभ्यासातून हा ४२ अंशांचा आकडा पक्का झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये क्वीन्सलंडमधल्या केर्न्स भागात दोन दिवसांच्या उष्म्यात चष्मेवाल्या वटवाघळांची २३ हजारांच्या आसपास संख्या गेली, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या त्या जातीची सुमारे एक तृतीयांश.

यारा बेंडची पाळी डिसेंबर २०१९ मध्ये आली. २० डिसेंबरला मेलबर्नचा पारा ४३ अंशांच्या पुढे गेला. तीन दिवसांत इथे सुमारे ४,५०० वटवाघळे मेली. वर्षाला एकच पिल्लू, आणि डिसेंबर हा नेमका पिल्ले आईला बिलगून असण्याचा महिना. आई पडली की पिल्लू तिच्या अंगाला लटकलेले सापडते. स्वयंसेवक अशी पिल्ले गोळा करून घरी नेतात, कापडाच्या वळीत गुंडाळून बाटलीने दूध पाजतात, आणि पुढे मोठ्या पिंजऱ्यात उडायला शिकवून वस्तीजवळ सोडतात. सेवा करणाऱ्या लोकांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, मेलेल्या हजारोंच्या तुलनेत हे आकडे लहान असतात. म्हणून ते सोडावे असे मात्र नाही.

मग फवारे. गरम दिवशी झाडांवर पाण्याचा शिडकावा करायचा. कल्पना चांगली आहे, पण चुकीच्या वेळी आवाज करत माणसे वस्तीत घुसली तर आधीच तापलेली वटवाघळे उडतात आणि उडण्याच्या श्रमाने मरतात. म्हणूनच उष्म्याच्या दिवशी यारा बेंडच्या त्या भागात लोकांनी जाऊ नये, कुत्री नेऊ नयेत, होड्या काठाला लावू नयेत असे सांगतात. बघ्यांना हे पटत नाही. मोबाइल घेऊन 'बिचारी कशी तडफडतायत' हे टिपायला येणारे त्यांच्या तडफडण्यात भरच घालतात.

इथे पहिल्या निर्णयाकडे परत जावे लागते. नेच्यांची घळ ही थंड, ओली जागा होती. वटवाघळांनी ती उगाच निवडली नव्हती. त्यांना तिथून उठवून तुलनेने उघड्या नदीकाठावर ढकलले, त्याला वीसहून अधिक वर्षे झाली आणि उष्म्याच्या लाटा वाढल्या. बागेत राहिली असती तर कमी मेली असती, हे सिद्ध करता येणार नाही. जिलाँगला आणि ॲडलेडच्या बोटॅनिक पार्कमध्येही, जिथे २०१० च्या सुमारास वस्ती झाली, मोठ्या उन्हाळ्यांत वटवाघळे मरतात. पण २००३ मध्ये हलवण्याच्या खर्चात 'थंड जागा गमावणे' ही नोंद कोणी धरल्याचे दिसत नाही. पुढच्या वेळी कोणी हाकलायची भाषा केली तर तापमापक हातात घेऊन आधी दोन्ही जागा मोजाव्यात.

महाराष्ट्रात याचा संबंध कुठे लागतो? कायद्यात एकदा लागला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळे कावळे, उंदीर, घुशी यांच्याबरोबर 'उपद्रवी' यादीत होती, म्हणजे मारायला मोकळीक. २०२२ च्या दुरुस्तीने ती स्वतंत्र यादीच निघाली. दुसरीकडे २०२१ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांत निपाह विषाणूचा माग सापडल्याचे प्रसिद्ध केले, आणि गुहा बंद करा, झाडे छाटा असा सूर निघाला. घाबरून वस्ती उठवली की ती विखुरते आणि माणसांच्या आणखी जवळ येऊ शकते. मेलबर्नच्या मोहिमेत बंगल्यांच्या झाडांवर उतरलेले थवे हेच सांगतात.

व्हिक्टोरियातच बेंडिगो नावाचे जुने सोन्याच्या खाणींचे शहर आहे. तिथल्या रोझलिंड पार्कमध्येही नेच्यांची घळ आहे, आणि २०१० पासून तिथेही करड्या डोक्याची वटवाघळे येऊन राहिली आहेत. पेच तोच, बाग तशीच, प्राणी तोच. फरक इतका की हाकलण्याऐवजी त्या नगरपालिकेने घळीत फवारे बसवले. खर्च कशाचा जास्त, झाडे किती टिकतात, उन्हाळ्यात किती वटवाघळे वाचतात, याची तुलना आता दोन शहरांच्या आकड्यांवर करता येईल. ती कोणीतरी चोख करायला हवी, कारण सभेत उठून "मेलबर्नने हलवली ना?" विचारणाऱ्याला उत्तर द्यायला अजून तरी आपल्याकडे अर्धेच टिपण आहे.